गिट खेळातून शिकवता येतं का?

दुसऱ्या वर्षाची मुलं गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कमांड पाठ करतात आणि परीक्षा संपली की विसरतात. खेळातून शिकवलं तर फरक पडेल का आणि कोणता खेळ घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

फरक पडतो, पण पहिला खेळ कॉम्प्युटरवर नको. मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो. पहिले दोन तास मी लॅबमध्ये जातच नाही. कोरी कार्डं, चिकटचिठ्ठ्या आणि कॅरमची एक सोंगटी एवढ्यावर भागतं. कार्डावर कांदेपोह्यांची कृती लिहायची. काही बदललं की नवं कार्ड घेऊन अख्खी कृती पुन्हा लिहायची आणि कोपऱ्यात आधीच्या कार्डाचा नंबर टाकायचा. हे झालं कमिट. मुलं कुरकुरतात, ‘सर, नुसता बदल लिहू की!’ पण गिटही प्रत्येक कमिटला प्रोजेक्टची पूर्ण अवस्था नोंदवतं. हात दुखले की ते पक्कं लक्षात राहतं.

चिकटचिठ्ठी म्हणजे ब्रांच, कामाच्या एका फाट्याचं नाव; ती त्या फाट्याच्या शेवटच्या कार्डावर चिकटवायची. सोंगटी म्हणजे हेड, ती आपण ज्या ब्रांचवर आहोत त्या चिठ्ठीवर ठेवायची. नवी ब्रांच काढा म्हटलं की निम्मी मुलं सगळी कार्डं उतरवून घ्यायला लागतात, कारण ब्रांच म्हणजे फोल्डरची कॉपी असं त्यांच्या डोक्यात असतं. मग मी त्याच कार्डावर नुसती दुसरी चिठ्ठी चिकटवतो. त्या क्षणी वर्गात जी शांतता होते, तिच्यासाठी मी हा खेळ दरवर्षी घेतो.

मर्जला, म्हणजे दोन ब्रांच एकत्र करताना, खरी मजा येते. एका गटाने साखरेची ओळ ‘चिमूटभर’ केलेली, दुसऱ्याने ‘अजिबात नको’. नागपूरकडचा कोणी असेल तर तो वर तर्रीही ओततो, पण ती वेगळ्या ठिकाणची ओळ, ती आपोआप जुळते. साखरेचं काय करायचं ते गिट ठरवू शकत नाही, माणसांनाच बोलून ठरवावं लागतं. अशा टकरीला कॉन्फ्लिक्ट म्हणतात; ती म्हणजे आपली चूक ही भीती इथेच जाते.

त्यानंतर ‘ओ माय गिट’ द्या. तो मोफत आहे, त्यात कमांडची पत्त्यांसारखी कार्डं असतात आणि मागे खरं गिट चालतं, त्यामुळे हाताने कमांड टाइप केली तरी चित्र लगेच बदलतं. ‘लर्न गिट ब्रांचिंग’ ब्राउझरमध्येच चालतं, रीबेस (एका ब्रांचची कमिटं दुसरीच्या टोकावर पुन्हा रचणं) समजायला मला तेच जास्त आवडतं. मात्र त्यात फायलीच नसतात, त्यामुळे स्टेजिंग (पुढच्या कमिटमध्ये कोणते बदल घ्यायचे ते निवडणं) आणि कॉन्फ्लिक्ट त्यावर शिकता येत नाहीत. ते खऱ्या फायलींवरच करून घ्या.

गुण, बॅज, पहिला नंबर असलं काही ठेवू नका. मुलं घाई करतात आणि कोणी काही मोडून बघत नाही.

उलट मोडायलाच लावा. माझ्या शेवटच्या तासाला प्रत्येक जण शेजाऱ्याच्या सराव-प्रोजेक्टमध्ये हार्ड रीसेट मारून (ब्रांच आणि फायली दोन्ही जुन्या कमिटवर नेऊन) तीन कमिट मागे जातो. ज्याचं काम गेलं त्याने रीफ्लॉगमधून (हेड कुठे कुठे होतं त्याच्या नोंदवहीतून) ते परत आणायचं. कार्डांच्या खेळात याचं उत्तर आधीच दिसलेलं असतं: चिठ्ठी मागे सरकली, पण कार्डं टेबलावरच आहेत. गिटही अशी बिननावाची कमिटं लगेच फेकत नाही, रीफ्लॉगमध्ये त्यांची नोंद मूळ सेटिंगनुसार 30 दिवस राहते. कमिट न केलेला बदल मात्र हार्ड रीसेटने जातो, तो रीफ्लॉगमध्ये सापडत नाही. तेही एकदा, सरावाच्या फाइलवर, त्यांचं त्यांना अनुभवू द्या.