माजी सैनिकांमधील आजारांचे प्रमाण अचूक का सांगता येत नाही?

युद्धावरून परतलेल्या सैनिकांपैकी किती टक्के पुढे आजारी पडले, हा एक साधा आकडा का मिळत नाही, असा आपला प्रश्न आहे. मी आरोग्यविषयक आकडेवारीचा अभ्यास करतो. माझ्या मते ही अडचण १९९०-९१ च्या आखाती युद्धावरून सर्वांत स्पष्ट कळते.

त्या युद्धात अमेरिकेचे सुमारे ७ लाख सैनिक होते, म्हणजे टक्केवारीचा छेद ठाऊक आहे. घोडे अडते ते अंशापाशी. परतलेल्या अनेकांना सततचा थकवा, सांधेदुखी, विस्मरण असे त्रास सुरू झाले, पण त्यांचे निदान करणारी एकही रक्ततपासणी नव्हती. त्यामुळे आजारी कोणाला म्हणायचे, हे व्याख्येवर ठरू लागले. कॅन्सस राज्यातील माजी सैनिकांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका व्याख्येनुसार ३४ टक्के, तर दुसऱ्या, अधिक सैल व्याख्येनुसार ४७ टक्के आजारी ठरले. मात्र त्याच काळात सेवेत असूनही आखातात न गेलेल्यांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे ८ आणि २० टक्के होते, म्हणजे दोन्ही व्याख्यांनी फरक जवळजवळ सारखाच, २६-२७ टक्क्यांचा, दाखवला. ज्यांना वर्षानुवर्षे 'हे मनाचे खेळ आहेत' असे ऐकावे लागले, त्यांच्यासाठी हा फरक कोणत्याही एकट्या टक्केवारीपेक्षा मोलाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

तुलना सामान्य नागरिकांशी केली, तर मात्र फसगत होते, कारण सैन्यात मुळातच निरोगी माणसे निवडली जातात आणि त्यामुळे वाढलेला आजारही सरासरीत झाकला जातो. स्वेच्छेने नाव नोंदवण्याच्या नोंदवह्यांमध्ये उलट घडते: ज्यांना त्रास आहे तेच अधिक संख्येने पुढे येतात.

सर्वांत अवघड आहे ते कोण कशाच्या संपर्कात आला हे ठरवणे. मार्च १९९१ मध्ये इराकमधील खमिसिया येथे अमेरिकी सैनिकांनी शस्त्रसाठा उडवला, तेव्हा त्यातील अग्निबाणांत सारिन हा विषारी वायू होता, ही गोष्ट संरक्षण खात्याने १९९६ मध्ये मान्य केली. जागेवर मोजमाप झालेले नसल्यामुळे वाऱ्याच्या दिशेवरून संगणकावर अंदाज बांधण्यात आला आणि १९९७ मध्ये जवळपास १ लाख सैनिकांना, आपण त्या वायूच्या संपर्कात आला असण्याची शक्यता आहे, अशी पत्रे गेली. २००० साली तेच गणित नव्याने मांडल्यावर त्यांतील हजारोंची नावे वगळली गेली आणि ज्यांना आधी काहीच कळवले नव्हते, अशा हजारोंची नावे यादीत आली.