खुर्चीत बसूनही थकवा येतो, खरंच येतो

काल रात्री तुझा मेसेज वाचला, "ताई, अंगमेहनत काहीच नाही, खुर्चीतच असते, तरी घरी आले की कोणाशी बोलावंसं वाटत नाही." अगं, अंबडच्या कंपनीत डिस्पॅचच्या, म्हणजे माल पाठवायच्या टेबलावर बसणं म्हणजे काय ते मला विचार. सकाळी सकाळी कस्टमरचा फोन, गाडी निघाली का, आमची लाइन थांबेल, ट्रान्सपोर्टवाला म्हणतो ड्रायव्हर फोन उचलत नाहीये, स्टोअरवाले म्हणतात मालासोबतचा जीएसटीचा कागद, ते ई-वे बिल कुठंय, आणि या सगळ्यांच्या मधे तू, "हो सर, बघते सर, पाच मिनिटांत सांगते सर". त्या प्रत्येक "हो सर"मागे जे गिळलेलं असतं ते कुठल्या रजिस्टरला चढत नाही.

यावर अभ्यास झालेत बरं का. आर्ली हॉशचाइल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मधे सविस्तर मांडलं, की पगारासाठी भावना गिळणं नि दाखवणं हे पण कामच असतं, एअर होस्टेस आणि वसुलीवाले असे दोन्ही बघून, म्हणजे एकीला हसायचा पगार नि दुसऱ्याला दरडावायचा. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की आत एक आणि चेहऱ्यावर एक, हे जास्त दमवतं. पण म्हणून मनापासून हसत जा वगैरे मी सांगणार नाही, रोज कोणाला जमतंय ते!

तू फक्त एवढं बघ, यातलं तुझं किती आणि तुझ्यावर ढकललेलं किती. गाडी उशिरा निघाली म्हणून कस्टमर ओरडला, ते तुझ्या कामात येतं, आणि तो पण त्याच्या साहेबाच्या शिव्या खाऊनच फोन करतो. पण माल रिजेक्ट झाला की "तू गोड बोलतेस, तूच घे फोन", हे कशाला? "सर, रिजेक्शनचं क्वालिटीवाले सांगतील, त्यांना कॉल देते" म्हणायचं आणि खरंच द्यायचा. पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. वाढदिवसाचा केक, फेअरवेलची वर्गणी, नव्या पोराचं रडगाणं, हे सगळं पण तुझ्याच टेबलावर का येतं कोण जाणे (मुलगी आहेस म्हणून, दुसरं काय).

वाईट कॉल झाला की लगेच पुढचा उचलू नकोस, उठून पाणी पिऊन ये. आईला सांगून ठेव, आल्यावर अर्धा तास मला काही विचारू नको, नाहीतर तू तोंड पाडून बसतेस आणि त्या माऊलीला वाटतं आपलंच काही चुकलं. झोपच उडाली, कारण नसताना रडू येतंय असं झालं तर 14416 ला फोन कर, सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आणि आजपासून डायरीत लिहायला लाग, कुठला कस्टमर, काय अडलं होतं, तू कसं सोडवलंस. अप्रेझलला सर विचारतील वर्षभर काय केलं, तेव्हा मागच्या वेळेसारखं नुसतं "कोऑर्डिनेशन" म्हणून गप्प बसू नकोस, डायरीच पुढे कर.