जळणाशिवायचा जाळ

देव कुणावरही, कशावरही अवलंबून नाही, या ख्रिस्ती शिकवणीबद्दल मागच्या खेपेला ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतो.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी विचारते, "सगळं देवानं केलं, मग देवाला कुणी केलं?" मी "असं विचारू नये" म्हणून वेळ मारून नेली. काय सांगायला हवं होतं? (एक आई, अहिल्यानगर)

विचारू नये असं यात काहीच नाही. बर्ट्रांड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९२७ साली लंडनमधल्या एका व्याख्यानात हेच विचारलं होतं : प्रत्येक गोष्टीला कारण लागत असेल तर देवालाही लागणारच. पण 'प्रत्येक गोष्टीला कारण लागतं' असं ख्रिस्ती ईश्वरविज्ञान म्हणतच नाही. जे अस्तित्वात आलं, जे नसूही शकलं असतं, त्याला कारण लागतं, एवढंच त्याचं म्हणणं.

मुलीला साखरेचं उदाहरण द्या. आपण शेजारच्या काकूंकडून वाटीभर साखर उसनी आणली. काकूंनी ती पलीकडच्या घरून उसनी आणलेली, त्यांनी आणखी पलीकडून. पण सगळी आळीच उसनवारीवर असेल तर साखर आली कुठून? कुणाच्या तरी घरात ती घरची असायलाच हवी. आपलं असणं उसनं आहे, देवाचं घरचं आहे.

मोठी झाल्यावर ती म्हणेल, अशी घरची साखर विश्वाचीच का नसावी? १९४८ साली बीबीसीवरच्या वादात रसेल असंच म्हणाला : विश्व आहे, बस्स. म्हणजे कुठेतरी थांबायचं दोघांनाही आहे. वाद आहे तो कुठे थांबायचं याचा. तो वाद साखरेच्या वाटीनं मिटत नाही, हे तिला तेव्हा मोकळेपणानं सांगा.

प्रश्न : मग देवाला सरळ 'स्वयंभू' म्हणावं का? (रत्नागिरी)

अर्धा शब्द बसतो, अर्धा नाही. आपल्याकडे स्वयंभू पिंड किंवा स्वयंभू गणपती म्हणजे कुणी न घडवलेला, आपणहून प्रकटलेला. 'कुणी न घडवलेला' हे ठीक. पण 'भू'मध्ये होणं आहे, आणि ख्रिस्ती विश्वासानुसार देव कधी 'झाला' नाही. तो आहे. देव स्वतःचंच कारण आहे अशा अर्थाचं देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं १६४१ साली लिहिलं, तेव्हा आर्नो या धर्मपंडितानं लगेच हरकत घेतली : जवळ नाही ते स्वतःला देणार कसं? मला आर्नोचं पटतं. या शिकवणीची लॅटिन संज्ञा 'आ से' म्हणजे 'स्वतःपासून', पण तिचा रोख नकारार्थी आहे : दुसऱ्या कुणापासून नाही, इतकाच.

माझ्या मते भारतीय भाषांत हे सगळ्यात नेमकं पकडलं ते ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशानं. १८९८ मधल्या आपल्या संस्कृत स्तोत्रात त्यांनी देवपित्याला संसारवृक्षाचं 'अबीज बीज' म्हटलं. झाड त्यातून आलं, ते स्वतः कुठल्याही झाडातून आलेलं नाही.

प्रश्न : "मी आहे तो आहे" या वचनात ही शिकवण आहे असं आमच्या बायबल वर्गात सांगतात. हिब्रू शिकलेला एक मित्र म्हणतो, तसं काही नाही. खरं काय? (पुणे)

दोघांचंही थोडं थोडं. बायबलच्या निर्गम या पुस्तकात होरेब डोंगरावर जळत्या झुडपातून देव मोशेशी बोलतो आणि आपलं नाव सांगतो, तिथलं हे वचन. निर्गम ३:१४ मधलं 'एह्ये अशेर एह्ये' हे 'मी जो असेन तो असेन' असंही वाचता येतं. आणि दोनच ओळी वर, "मी तुझ्याबरोबर असेन" या वचनात हाच 'एह्ये' आहे. मोशे घाबरलेला आहे, त्याला सोबतीचं आश्वासन मिळतंय. तिथे तत्त्वज्ञानाचा तास चाललेला नाही. पुढे अलेक्झांड्रियाच्या यहुद्यांनी ग्रीक भाषांतर करताना तिथे 'जो आहे तो' असा शब्द घातला, आणि त्यावर शतकानुशतकं इमारत चढत गेली. ती पाडायला हवी असं मला वाटत नाही. पण सगळा भार त्या एका क्रियापदावर टाकू नये.

मी विद्यार्थ्यांना क्रियापद सोडून झुडपाकडे बघायला सांगतो. चुलीतला जाळ लाकूड खातो. लाकूड संपलं की राख, आणि जाळही संपला. होरेबावरचा जाळ झुडपात आहे, पण झुडपावर जगत नाही. पान न् पान शाबूत. मोशे वाट सोडून वळला तो नेमकं हेच पाहायला, 'झुडूप जळून का जात नाही' म्हणून. नाव कानावर पडण्याआधी त्याला ते डोळ्यांनी दिसलं होतं.

प्रश्न : देवाला काही कमी नाही, तर दर रविवारी दानार्पणाची थैली का फिरते? (एक तिरकस वाचक)

तिरकस असाल, पण तुमच्या आधी बायबलमधला स्तोत्रकार आसाफ होता. त्याच्या पन्नासाव्या स्तोत्रात देवच विचारतो : मी काय बैलांचं मांस खातो? मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही, जग माझंच आहे. हे त्या काळी किती वेगळं होतं ते पाहा. शेजारच्या बाबेलच्या (बॅबिलोनच्या) पुराकथेत जलप्रलयानंतर भुकेले देव बळीच्या वासावर माशांसारखे जमतात. येशूचा प्रेषित पौल यानंही अथेन्सच्या अरीयपग टेकडीवर, देवळांच्या गर्दीत उभं राहून तेच सांगितलं : काही उणं आहे म्हणून देव माणसांच्या हातून सेवा करून घेत नाही, उलट तोच सर्वांना जीवन आणि श्वास देतो.

मग थैली कशाला? तिचा हिशेब दावीद राजानं चुकता केलाय : तुझ्याच हातचं आम्ही तुला दिलं (१ इतिहास २९:१४). मुलगा वडिलांकडूनच पैसे घेऊन त्यांच्यासाठी पेढे आणतो, तसं. वडिलांच्या खिशात भर पडत नाही, पण पेढा गोड लागतो. बाकी थैलीतून मंडळीचं वीजबिल आणि पाळकांचा पगार निघतो. ती गरज आपली आहे, देवाची नव्हे. "देवाला तुमच्या पैशांची गरज आहे" असं कुणी व्यासपीठावरून सांगू लागला, तर त्याला आसाफ वाचायला द्या.

प्रश्न : सृष्टीच्या आधी देव एकटा कंटाळला नसेल?

नाही. "जगाच्या स्थापनेपूर्वी तू माझ्यावर प्रीती केलीस," असं येशू पित्याला म्हणतो (योहान १७:२४). पिता-पुत्राच्या त्या घरात आधीपासूनच बोलणं चालू होतं.

प्रश्न : पण पित्यानं पुत्राला, म्हणजे येशूला, "स्वतःच्या ठायी जीवन" दिलं, असं योहान ५:२६ म्हणतं. दिलं, म्हणजे पुत्र अवलंबूनच झाला. आणि उलट बाजूनं, देवाला माझी गरजच नसेल, तर त्याला माझी पर्वा तरी कशी? (सोलापूर)

पहिल्या वाटेनं चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा पाद्री एरियस गेला : पुत्र नव्हता असा एक काळ होता, म्हणून तो निर्मिलेला. ३२५ मध्ये निकीया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेनं उत्तर दिलं : जन्मलेला, पण निर्मिलेला नाही. वचनातली गंमत अशी, की दिलं काय, तर 'स्वतःच्या ठायी' असलेलं जीवन. म्हणजे उसनी साखर नव्हे. हे देणं काळात कधी सुरू झालेलं नाही, म्हणून घेणारा आधी रिकामा होता असंही नाही. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन तर पुढे जाऊन म्हणाला की पुत्रपण पित्याकडून, पण देवपण स्वतःचंच. यावर त्याच्याशी भांडणारे आजही आहेत.

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो. ज्याला आपली गरज असते त्याच्या मायेत थोडा हिशेब मिसळलेला असतो, आपल्याही मिसळतो. ज्याला गरज नाही त्याचं प्रेम फुकट असतं, कोरडं असायचं कारण नाही. आणि गोष्ट इथे थांबत नाही. भूक लागली तरी सांगणार नाही म्हणणारा देव पुत्रामध्ये माणूस झाला, आणि भर दुपारी सूखार गावाच्या विहिरीवर दमून बसला. जवळ पोहरासुद्धा नाही. एका शोमरोनी बाईला तो म्हणतो, "मला प्यायला दे." त्याला पाणी मिळालं की नाही, हे योहान लिहीत नाही. घागर तिथेच टाकून ती गावाकडे गेली, एवढं लिहितो.