युद्धाच्या काळात ग्रुपवर पेटून उठलेले लोक प्रत्यक्ष कामाला का येत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे: पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर नाशिकच्या इंदिरानगरमधल्या तुमच्या सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप रात्रंदिवस धगधगत होता, पण मे २०२५ मध्ये ब्लॅकआउटच्या (हवाई हल्ल्यात वरून काही दिसू नये म्हणून सगळे दिवे मालवण्याच्या) तयारीसाठी पार्किंगमध्ये बोलावलं तेव्हा सहाच जण आले. लोकांना जरा जास्त घाबरवलं असतं तर आले असते का?

नाही. उलट सहाचे तीन झाले असते. ‘भीती घातल्याशिवाय आपली माणसं हलत नाहीत’ हे वाक्य सोसायट्यांच्या सभांपासून नागरी संरक्षणाच्या बैठकांपर्यंत छातीठोकपणे फेकलं जातं. ते चुकीचं आहे, आणि त्याच्यामुळे नुकसान होतं.

भीती माणसाला धोका मोठा दाखवते आणि स्वतःची ताकद छोटी. रागाचं नेमकं उलट असतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर मानसशास्त्रज्ञ जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी सुमारे हजार अमेरिकन लोकांवर प्रयोग केला. काहींच्या मनात हल्ल्याबद्दलचा राग जागा होईल असा मजकूर दिला, काहींच्या मनात भीती. रागावलेल्यांना पुढचा धोका कमी वाटला, घाबरलेल्यांना जास्त. नुसती भीती वाढवली की माणूस दार लावून टीव्हीसमोर बसतो, किराणा भरून ठेवतो, पेट्रोल पंपावर रांग लावतो. ही सगळी आपापल्या घरापुरती धावपळ आहे, सामूहिक काम नाही.

पण रागावर विसंबून चालत नाही. राग माणसाला उठवतो, कुठे जायचं ते सांगत नाही. शत्रू सीमेपलीकडे, तिथे आपला हात पोचत नाही. मग तो राग जवळ जे सापडेल त्यावर निघतो: ज्याने पोस्ट टाकली नाही त्याच्यावर, नाहीतर चौकातल्या एखाद्या गरीब फेरीवाल्यावर. आणि मेसेज पुढे ढकलला की आपण काहीतरी केलं असं समाधान मिळून माणूस झोपायला जातो. तुमच्या ग्रुपचं हेच झालं. पहिल्या दोन-तीन दिवसांत हातात काम दिलं नाही तर राग वाया जातोच, वर नासतो.

१९७१ च्या भारत-पाक युद्धातलं, कच्छमधल्या भुजजवळच्या माधापर गावाचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण भाषणांत ते फक्त शौर्य म्हणून सांगतात आणि त्यातली रचना कोणी बघत नाही. ८ डिसेंबरच्या रात्री भुजच्या हवाई तळाची धावपट्टी बॉम्बहल्ल्यात उखडली. दुरुस्तीला मजूर अपुरे होते. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांनी माधापर गावाकडे माणसं मागितली. सुमारे ३०० जण आले, बहुतेक बायका, आणि ७२ तासांत धावपट्टी विमानांसाठी पुन्हा तयार झाली. त्यांना भीती वाटत नव्हती असं नाही, डोक्यावर विमानं येत होती. पण भीती वाटली की काय करायचं हे ठरलेलं होतं. भोंगा झाला की झुडपांत पळायचं, धोका टळल्याचा भोंगा झाला की परत कामावर. साड्या फिक्या हिरव्या, झाडीत मिसळून जातील अशा. वरून दिसू नये म्हणून धावपट्टी शेणाने सारवून घेतली, आणि सारवणं हे त्या प्रत्येकीच्या हाताखालचं रोजचं काम. शेजारी राबणारी बाई गल्लीतली, ओळखीची. मागणारा माणूस एक आणि समोर उभा. काम कधी संपणार तेही डोळ्यांना दिसत होतं, कारण खड्डे मोजता येतात. यातलं काहीही भीती वाढवून मिळालेलं नाही.

नाशिककरांना हे कळायला कच्छला जायचीही गरज नाही. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, ही भीतीची मापपट्टीच आहे. सराफ बाजार आणि भांडी बाजारातले दुकानदार त्या मापावर माल हलवतात, आणि शेजारच्याचं शटर बंद असेल तर त्याला फोन करतात. भीती तीच, पण तिला पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर करायचं काम ठरलेलं आहे.

आता तुमची बिल्डिंग. ७ मे २०२५ च्या देशव्यापी सरावाच्या यादीत नाशिक, मनमाड आणि सिन्नर ही तिन्ही नावं होती. ओझरला एचएएलचा विमान कारखाना, देवळालीला लष्कराचा तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, त्यामुळे असे सराव आपल्याकडे पुन्हा होणार. सर्वात जास्त घोळ जनरेटरचा होतो. ऑटोवर असलेला जनरेटर मेन बंद केला की काही सेकंदांत आपोआप सुरू होतो आणि जिना, पार्किंग, गेट लख्ख उजळतं. म्हणून पॅनलवरचा सिलेक्टर आधी मॅन्युअलवर घ्यायचा. घरातला मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरचे दिवे चालूच राहतात, आणि वर कोणाच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर मेन पाडणं धोक्याचं. तेव्हा मेनला हात लावायचा नाही, फक्त दिवे बंद करायचे आणि जो दिवा लागेलच त्याच्या खोलीच्या खिडकीला जाड चादर लावायची. कंपाउंडचे सोलर दिवे अंधार पडला की आपोआप पेटतात, त्यांवर उजेडातच पोतं बांधायचं. लिफ्ट पाच मिनिटं आधी तळमजल्यावर आणून बंद करायची. गच्चीला कुलूप लावायचं, कारण ब्लॅकआउट कसा दिसतो ते बघायला लोक गच्चीवर चढतात आणि मोबाईलचा फ्लॅश लावून शूटिंग करतात.

ही प्रत्येक गोष्ट एका माणसाच्या नावावर टाका. ‘शनिवारी कोण कोण येणार?’ असं ग्रुपवर विचारलं की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे आहेत. जितके जास्त लोक बघत असतात तितकी एकट्या माणसाची जबाबदारीची जाणीव पातळ होते, हे बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच प्रयोगांतून दाखवलंय. त्याऐवजी दारावर जा आणि म्हणा, ‘काका, बी विंगच्या जिन्याचं बटण साडेसातला तुमच्याकडे.’ काका येतात. नकार द्यायचा तर तुमच्या तोंडावर द्यावा लागतो, आणि हो म्हटलं तर करायचं काय ते त्यांना कळलेलं असतं. एकदा स्वतःच्या हाताने काही नीट पार पडलं की वाटणारा अभिमान पुढच्या वेळी त्यांना न बोलावता आणतो. रागापेक्षा तो जास्त टिकतो.

राग किती टिकतो याचं उदाहरण आपल्याच मतदारसंघात आहे. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. देशाच्या भावनेची लाट इतकी मोठी होती. त्याच १९६३ मध्ये अमरोहा, फर्रुखाबाद आणि राजकोटच्या पोटनिवडणुका काँग्रेस हरली आणि ऑगस्टमध्ये नेहरूंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आला. लाट खरी असते, पण तिच्यावर वर्षभराचं काम उभं राहत नाही.

जे आले नाहीत त्यांची नावं ग्रुपवर टाकू नका. लाजेने माणूस एकदा येतो, मागे उभा राहतो आणि पुढच्या वेळी बाहेरगावी जातो. घाबरवण्याचा आणि लाजवण्याचा आग्रह धरणारे बहुतेक वेळा कामांची यादी करायला बसलेले नसतात, हे माझं ठाम मत आहे.

काही गोष्टी सांगायला हव्यात. भीती पूर्ण घालवायची नाही. भोंग्याला अजिबात न घाबरणारा माणूसच गच्चीवर सापडतो. वरखाली होणारा भोंगा धोक्याचा, एकाच पट्टीत वाजणारा धोका टळल्याचा, दोन्ही साधारण दोन मिनिटं, एवढं लहान मुलांनाही पाठ हवं. सराव म्हणजे युद्ध नव्हे, आणि ज्या घरातलं कोणी खरोखर दगावलंय तिथे काम मागायला जायचं नाही. जिल्हा प्रशासनाची सूचना आली तर माझं उत्तर बाजूला ठेवून ती पाळायची.

आणि जे सहा जण आले होते, त्यांच्यापासूनच सुरुवात करा. प्रत्येकाला एक विंग किंवा दोन मजले द्या, आणि जनरेटरचं पॅनल ज्याला कळतं तो माणूस पहिल्यांदा गाठा.