कोयनेची वीज इतक्या लांब तारेतून येते, मग वाटेतच संपत का नाही?

थोडी वाया जातेच, तार तापण्यात. पण ती कमी ठेवण्याची युक्ती व्होल्टेजमध्ये आहे.

पोफळीच्या वीजघरात शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी घाट उतरून पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं, चाकासोबत जनरेटरमधलं चुंबक फिरतं आणि भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. समजा १०० मेगावॅट पाठवायचे आहेत. ११ हजार व्होल्टवर थ्री-फेज (तीन तारांच्या) लाईनच्या प्रत्येक तारेतून सुमारे ५,२५० अँपिअर करंट जाईल. २ लाख २० हजारांवर फक्त २६२. तारेतली उष्णता करंटच्या वर्गावर वाढते (करंट दुप्पट तर उष्णता चौपट), म्हणजे त्याच तारेत तूट ४०० पट कमी! म्हणून आधी ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज चढवतात, गावाजवळ टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि डीपीतून (वस्तीजवळच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून) घरात २३० व्होल्ट येतात.

लांबच्या लाईनची तार अॅल्युमिनियमची, मधोमध ताणासाठी पोलादाचा गाभा. खरा घात बहुधा जोडावर होतो. अॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडलं की ओल लागून गंज चढतो, रोध वाढतो, जोड तापतो, आणखी सैल होतो, शेवटी जळतो. तिथे बायमेटल लग्जच (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियम असलेले जोडतुकडे) लावावेत. आणि न्यूट्रलचा (करंट परत नेणाऱ्या तारेचा) जोड तुटला तर घरात ४०० व्होल्टच्या आसपासही दाब येऊ शकतो: दिवे एकदम प्रखर झाले तर लगेच मेन स्विच बंद करा.