राधानगरीच्या पाण्याकाठी तंबूत रात्र काढायची तर

तुम्ही विचारलंय की डिसेंबरात कोल्हापूरजवळ डोंगरातल्या तलावाकाठी तंबूत एक रात्र राहायचं आहे, सोबत सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत, आधी कधी केलेलं नाही, तर कुठं जावं आणि काय काळजी घ्यावी.

जरूर जा. पाण्याकाठी जा, पण पाण्याला लागून झोपू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. हे मला कसं कळलं ते आधी सांगते.

आम्ही कोल्हापूरचेच. मी, नवरा आणि लेक, दर हिवाळ्यात एक-दोन रात्री राधानगरी किंवा काळम्मावाडी धरणाच्या बाजूला काढतो. पहिल्या वेळी मला फोटोतल्यासारखा तंबू हवा होता, दाराची चेन उघडली की समोर पाणी. ज्यांच्या शेतात उतरलो होतो त्यांनी वर आंब्याखालची जागा झाडून ठेवली होती. आम्ही हट्टानं खाली उतरलो आणि पाण्यापासून दहा पावलांवर तंबू ठोकला. संध्याकाळी गुरं घेऊन परतणारे एक आजोबा थांबले आणि म्हणाले, "पोरी, ही जनावरांची पाण्याची वाट हाय. वर सरका जरा." अंधार पडत आला होता, लेक दमली होती, आम्ही हो-हो म्हटलं आणि तिथंच राहिलो.

रात्री दोनच्या सुमारास थंडीनं जाग आली. पांघरूण ओलसर लागत होतं. हात वर केला तर तंबूच्या कापडावरून पाण्याचा ओघळ मनगटावर आला. आणि मग बाहेर श्वास ऐकू आला. लोहाराचा भाता सोडल्यासारखा, लांब आणि जड. मग पाणी ओढल्याचा आवाज. मग परत श्वास. किती वेळ चाललं सांगता येत नाही, मी लेकीच्या अंगावर हात ठेवून बसून होते. नवऱ्यानं बॅटरीकडं हात नेला तो मी धरून ठेवला. सकाळी चिखलात खुरांचे ठसे होते, तळाशी पाणी साचलेले. एक ठसा आमच्या दोरीच्या खुंटीपासून वीतभर अंतरावर. लेकीनं त्यात पंजा ठेवून बघितला, अख्खा बसला.

तो गवा होता. राधानगरी अभयारण्य मुळात गव्यांसाठीच राखलं गेलं, १९५८ साली, दाजीपूर अभयारण्य म्हणून, आणि ते महाराष्ट्रातलं पहिलं. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला त्यात तेही आहे. मोठा नर गवा हजार किलोच्या घरात जातो. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, वरचं अंग काळंभोर. तो माणसाच्या अंगावर उगाच येत नाही, पण बिथरला, वाट अडली किंवा डोळ्यांवर झोत पडला तर काय करेल सांगता येत नाही. त्याच्या वाटेत तंबू टाकला तर चूक आपली.

म्हणून जागा दिवसाउजेडी बघा. चारच्या आत पोचा. पाण्यापासून निदान सत्तर पावलं वर चढा, आणि चढताना जमिनीकडं बघत चला. शेण, खुरांचे ठसे, गवतातून पाण्याकडं उतरलेली मळलेली वाट दिसली की तिथून बाजूला व्हा. मग मान वर करून झाड बघा. वाळकी फांदी आहे का? आग्या मोहोळ आहे का? हे दुसरं फार महत्त्वाचं. आपल्या डोंगरात उंच झाडांना आणि कड्यांना आग्या मोहोळं असतात, आणि चुलीचा धूर लागला की माश्या उठतात. मोहोळ दिसलं तर त्या झाडाखालीच काय, त्याच्या आसपासही चूल मांडू नका.

वर सरकण्याचं दुसरं कारण थंडी. निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते, तिला टेकलेली हवा गार आणि जड होते आणि उतारानं खाली घसरत दरीच्या तळाशी साचते. तलाव असतो तो तळाशीच. त्यात पाण्यावरून उठलेली वाफ मिसळते आणि पहाटे धुक्याचा थर काठावर बसून राहतो. पन्नास-साठ फूट वर गेलात तरी फरक अंगाला कळतो. झाडाच्या कडेला दवही कमी पडतं, कारण वर पानांचं छत असतं.

तंबूच्या आत जे पाणी दिसतं ते मात्र बहुतेक आपल्याच श्वासाचं. थंडी वाजते म्हणून माणसं सगळ्या चेनी गच्च लावून घेतात आणि सकाळी पांघरुणं पिळायची वेळ येते. वरची जाळी उघडी ठेवा, दार आतल्या जाळीपुरतं बंद करा. थंडी खरी खालून लागते, वरून नाही. आधी ताडपत्री, मग जाड सतरंजी किंवा फोमची चटई, त्यावर घोंगडं, मग गादी. अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक खाली घातलेलं बरं. आणि थंडी कितीही असू दे, पेटती शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली तंबूत नेऊ नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही आणि जीव जातो. लहान मूल सोबत आहे म्हणून हे ठासून सांगते.

आता कुठं. तुमच्यासाठी मी राधानगरीच म्हणेन. कोल्हापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर, रस्ता भोगावती नदीच्या काठाकाठानं, उसातून जाणारा. धरणाचं काम राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलं आणि ते त्यांच्या पश्चात पुरं झालं. त्या पाण्याला लक्ष्मी तलाव म्हणतात, महाराणी लक्ष्मीबाईंच्या नावानं. तलावाच्या मागचा बराच डोंगर अभयारण्यात येतो, आणि अभयारण्यात वाटेल तिथं गाडी थांबवून तंबू ठोकता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याच्या कलम २७ आणि २८ नुसार आत जायला परवानगी लागते आणि कलम ३० नुसार जंगलाला धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे. वनविभाग सांगेल त्याच ठिकाणी, त्यांच्या परवानगीनंच मुक्काम करायचा. अभयारण्याच्या बाहेर गावकऱ्यांच्या शेतात तंबूची सोय मिळते, आणि पहिल्या वेळेला, त्यातून सासूबाई सोबत असताना, मी तेच निवडीन. फोनवर तीन गोष्टी विचारा: जागा अभयारण्याच्या हद्दीत येते का, संडास तंबूपासून किती लांब आहे, आणि रात्री घरचं कुणी माणूस जवळ झोपतं का. तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर दुसरी जागा शोधा.

डिसेंबर निवडलात ते उत्तम. पावसाळ्यात कुणी आग्रह केला तर नाही म्हणा. जळवा सोडा, त्या मिठानं सुटतात. खरा धोका पाण्याचा. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याची पातळी ठरावीक उंचीवर गेली की ते पाण्याच्या दाबानं आपसूक उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं. त्या दिवसांत धरणाखाली भोगावतीच्या काठावर तंबू टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. मे अखेरीस, पाऊस लागायच्या तोंडावर, काजवे बघायला मात्र एकदा जाऊन या, मुक्काम पक्क्या छताखाली करा आणि मोबाईलचा उजेड बंद ठेवा. काजवे एकमेकांना उजेडानंच खुणावतात, आपल्या झोतात त्यांची ती खूण हरवते.

पोहण्याबद्दल. आपल्याकडं पंचगंगेच्या घाटावर नाहीतर शेतातल्या विहिरीत पोहायला शिकलेली माणसं पुष्कळ, आणि त्यांना धरणाचं पाणी शांत दिसतं. धरणाचा तळ मुळात डोंगराचा उतार असतो. चार पावलं गुडघाभर आणि पाचव्याला ठाव लागत नाही. तळाशी गाळ, बुडालेल्या झाडांची खोडं, आणि वरचं पाणी कोमट वाटलं तरी खाली एकदम गार. आम्ही काठावर पाय बुडवतो, तेवढंच. मुलाच्या गळ्यात एक शिट्टी अडकवा आणि सांगून ठेवा की आई दिसली नाही की जिथं आहेस तिथंच थांबून वाजवायची. माझी लेक अजून अडकवते.

सापांची भीती बाळगू नका, पण माहिती हवी. आपल्याकडं मुख्य विषारी चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. थंडीत त्यांची हालचाल कमी असते, तरी अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, बूट झटकून घालायचे, लाकडं गोळा करताना हात आधी काठीनं चाचपलेल्या जागीच घालायचा. मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. सूज नाही, फारसं दुखणं नाही. पहाटे कुणाच्या पोटात दुखायला लागलं, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, बोलणं अडखळलं तर अपचन समजून वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. चावलेली जागा कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही, हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा आणि थेट दवाखाना. राधानगरीत ग्रामीण रुग्णालय आहे, कोल्हापुरात सीपीआर हे मोठं सरकारी रुग्णालय. डोंगरात रेंज येईल न येईल, म्हणून दिवसाच बघून ठेवा फोन कुठं उभं राहिल्यावर लागतो. तंबूच्या आतली जाळी चेनीनं पूर्ण बंद असली की यातलं बहुतेक सगळं टळतं.

जेवणाचा घाट घालू नका. पहिल्या वेळी आम्ही तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बेत केला आणि अर्धी संध्याकाळ मटण शिजण्याची वाट बघण्यात गेली. आता घरून भाकरी, खर्डा, धपाटी आणि दही नेतो, तिथं फक्त पिठलं आणि चहा. छोटी गॅस शेगडी पुरते. उरलेलं अन्न तंबूत ठेवू नका, डबा गाडीत जाऊ दे, नाहीतर रात्री कोण वास काढत येईल नेम नाही. प्यायचं पाणी घरून न्या किंवा खळखळून उकळा.

आणि त्या पाण्याबद्दलच अजून थोडं, कारण हे बघून मला खरंच वाईट वाटतं. काठावर फरसाणाची पाकिटं, फुटक्या बाटल्या, शाम्पूच्या पुड्या दिसतात. राधानगरीचं पाणी भोगावतीतून येतं आणि प्रयाग चिखलीला पंचगंगेत मिळतं. काळम्मावाडीचं पाणी तर आता थेट पाईपलाईननं कोल्हापूरच्या नळांना येतं. आपण तिथं जे सोडतो ते आपल्याच घागरीत परत येतं. भांडी आणि हातपाय तलावात धुवायचे नाहीत, बादली भरून वर न्यायची आणि साबणाचं पाणी मातीत ओतायचं. संडास नसेल तर पाण्यापासून त्याच सत्तर पावलांच्या वर वीतभर खोल खड्डा, नंतर माती लोटायची. कचऱ्याची पिशवी गाडीतून परत कोल्हापूरला.

सासूबाईंसाठी एक घडीची खुर्ची न्याच. जमिनीवर बसून उठणं, तेही थंडीत आखडलेल्या गुडघ्यांनी, फार त्रासाचं होतं. माझ्या आई आल्या होत्या तेव्हा आम्ही त्यांना तंबूऐवजी शेतमालकांच्या ओसरीवर खाट घालून दिली. त्या रातवा पक्ष्याचा चक-चक आवाज ऐकत निवांत झोपल्या आणि पहाटे सगळ्यांत आधी उठून चुलीपाशी बसल्या. सासूबाईंना विचारा त्यांना काय आवडेल. मुलाला सकाळी झाडांच्या शेंड्यांकडं बघायला सांगा, काटक्यांचं मोठं घरटं दिसलं तर ते शेकरूचं असू शकतं, आणि ऊन वर आलं की ती फांद्यांवरून उड्या मारताना दिसते.

तंबूचं दार पूर्वेकडं ठेवलंत तर सकाळचं ऊन थेट आत येईल आणि कापड लवकर सुकेल. तरी घरी आल्यावर गच्चीवर दिवसभर पसराच. आम्ही पहिला तंबू तसाच ओलसर घडी करून माळ्यावर टाकला होता. पुढच्या वर्षी उघडला तर शिवणीशिवणीला काळी बुरशी आणि असा वास की लेक आत जाईना.