मुलगी म्हणते, भंगारावरच शिकायचंय

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुंबईच्या दारूखाना भागात भंगाराचा गाळा, वीस वर्षं गॅस कटरचा धूर आणि वजनकाट्यावरची घासाघीस. एवढं सोसून मुलीला बारावी सायन्सपर्यंत आणलंत, आणि आता ती म्हणते की कॉम्प्युटर नको, मेटलर्जी म्हणजे धातुशास्त्र घेऊन भंगारातून चांगलं स्टील कसं होईल ते शिकायचंय. ‘शिकून पुन्हा भंगारातच?’ हा तुमचा प्रश्न मला मनापासून कळतो. तरी माझं मत तिच्या बाजूचं आहे.

तुमच्या गाळ्यावर मोटर आली की आधी वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याची तार, सोडवता, कारण तांब्याला भाव आहे. भट्टीवाल्याच्या दृष्टीने त्याला आणखी एक अर्थ आहे. लोखंडात राहिलेलं तांबं वितळवून वेगळं होत नाही. ऑक्सिजन मारला तर आधी लोखंड जळतं, तांबं तसंच राहतं. मग रोलिंगसाठी, म्हणजे लाटून पत्रा काढायला, माल लाल तापवला की वरचं लोखंड गंजून निघतं, मागे उरलेलं तांबं वितळून कणांच्या सांध्यांत शिरतं आणि पत्र्याला भेगा पडतात. बांधकामाच्या सळईत हजार किलोमागे तीन-चार किलो तांबं चालून जातं. मोटारीच्या पत्र्यात एक किलोही जड होतं. म्हणून आपलं बरंचसं भंगार सळईतच जिरतं. जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांत, म्हणजे विजेवर भंगार वितळवणाऱ्या भट्ट्यांत, तर शुद्धीकरणाला फारसा वावच नसतो. जे टाकाल तेच बाहेर येतं.

म्हणजे स्वच्छ स्टीलची लढाई बरीचशी भट्टीच्या आधी, तुमच्यासारख्यांच्या गाळ्यावर लढली जाते. खनिज आणि कोळशापासून एक टन पोलाद करायला दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगार विजेच्या भट्टीत वितळवलं तर त्याच्या कितीतरी कमी. केंद्राने 2019 मध्ये पोलाद भंगारासाठी वेगळं धोरण आणलं ते उगीच नाही. भंगाराचे तुकडे करणारे श्रेडर, चुंबक, मालातले घटक ओळखणारी एक्स-रे यंत्रं हे सगळं चालवायला माणसं लागणार आहेत. ज्या मुलीने लहानपणापासून हाताने माल ओळखलाय, ती वर्गात इतरांच्या पुढे असेल.

वाटा सांगते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड निघाली तर आयआयटी मुंबई, म्हणजे इथेच पवईत. जेईई मेनवर नागपूरचं व्हीएनआयटी. सीईटीवर पुण्याचं सीओईपी. तिन्हीकडे धातुशास्त्र आहे. गणित मात्र सुटता कामा नये.

एक गोष्ट लपवत नाही. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो आणि पहिली नोकरी बहुधा मुंबईबाहेर, शिफ्टमध्ये, भट्टीच्या उष्णतेत. हे तिला आधीच सांगा, आणि एखादी चालू भट्टी दाखवून आणा. तिथून आल्यावरही तिचा हट्ट कायम राहिला, तर अडवू नका.

तोवर रविवारी तिला गाळ्यावर बसू द्या. कुठला माल कुठून येतो, त्यात तांबं, जस्त, रबर किती निघतं याची वही करायला सांगा. आणि प्रवेशाचे पर्याय भरण्याआधी पुढचं पत्र तिलाच लिहू द्या. तिचं म्हणणं मला तिच्याच शब्दांत वाचायचंय.